बिरड्याचा सण

मागच्या आठवड्यात आईचे पार्सल आले. अलिबागहून जबलपूर कॅन्टोन्मेंटपर्यंत यायला त्याला नऊ दिवस लागले. कापडी पिशवी, वर तिच्या हातची शिवण, आत दोन किलो कडवे वाल. जबलपुरात नर्मदा आहे, भेडाघाटचे संगमरवरी कडे आहेत, खव्याची जिलबी आहे. कडवे वाल मात्र नाहीत. सदर बाजारात विचारले की दुकानदार राजमा दाखवतो.

वाल भिजत घालताना आजीची आठवण झाली. आमच्याकडे श्रावणात बिरडे व्हायचेच, आणि सोलायला बसल्यावर आजी हमखास शनवार तेल्यांच्या गोष्टी काढायची. तिच्या लहानपणी गावात त्यांची दोन घरे होती. घाणा शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली. बायका नऊवारी नेसायच्या, बोली आमचीच, आडनावेही गावांवरून पडलेली: किहीमकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर. पुढे ती घरे मुंबईला गेली आणि तिथून ‘तिकडे’. तिकडे म्हणजे इस्रायलला, हे मला फार उशिरा कळले.

हे बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. मागे उरल्या त्या सवयी: शनिवारची सुट्टी, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, आणि ‘शमा’ या हिब्रू प्रार्थनेचे पहिले शब्द. सणांची हिब्रू नावे विसरली आणि त्यांच्या जागी कोकणी स्वयंपाकघरातली आणि ओटीवरची नावे आली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारे लावून उपास करायचा तो दारफाळणीचा सण. आणि अव महिन्याच्या नवमीला, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, बिरड्याचा सण.

अव महिन्याची नवमी हा ज्यूंच्या वर्षातला सगळ्यांत शोकाचा दिवस. जेरुसलेमचे मंदिर दोनदा जळाले, एकदा बाबेलच्या सैन्याकडून आणि एकदा इ.स. ७० मध्ये रोमनांकडून, आणि दोन्हींचा उपास याच दिवशी धरतात. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला (छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला), त्यात हा सण या नावाने नोंदला आहे. हा उपास मूळच्या चौदा जणांबरोबर आला की पुढे बाहेरून आलेल्या शिक्षकांनी शिकवला यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्या वादापेक्षा नावाचे नवल वाटते. साम्राज्याने जाळलेल्या एका राजधानीचे सुतक, आणि त्याचे नाव उसळीवरून.

या विषयाकडे वळायला वालांखेरीज आणखी एक कारण होते.

माझ्या हाताखाली एक नाईक आहे. नाव-गाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदलले आहेत. इथे बदलून येण्याआधी तो उंचावरच्या एका पोस्टवर होता. हिवाळ्यात घरून निरोप आला की पाच वर्षांची मुलगी तापाने गंभीर आहे. बर्फाने रस्ता बंद. तो घरी पोचला तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. इथे आल्यावर त्याची ड्युटी चोख, गणवेश चोख. पण बोलणे बंद आणि ताटात अर्धे जेवण तसेच. मी त्याला ऑफिसात बोलावले. आपण सगळे जे बोलतो तेच बोललो. हिम्मत रखो. समय सब ठीक कर देता है. घरवालों के लिए मज़बूत बनो. माझ्या तीन वाक्यांना तीन वेळा ‘जी साहब’ आले आणि तो सॅल्यूट करून गेला. खुर्चीत बसल्या बसल्या मला स्वतःचीच लाज वाटली. वीस वर्षांहून अधिक नोकरीनंतर माझ्याकडे द्यायला एवढेच होते.

त्या रात्री मी जुने मराठी बायबल काढले. ते पुण्याच्या फुटपाथवर घेतलेले, आणि त्यालाही फौजी कारण आहे. आमच्या अकादमीच्या सुरुवातीच्या कमांडंटांत नौदलाचे बेंजामिन अब्राहम सॅमसन होते, जे पुढे १९६५ च्या युद्धात आपल्या ताफ्याचे प्रमुख होते. ते बेने इस्रायल होते हे कळल्यावर, कॅडेट असताना, आजीच्या गोष्टींचा धागा पुन्हा हाती लागला आणि मी वाचायला लागलो. धर्म म्हणून नाही. एक हरलेली फौज आणि हरलेले राष्ट्र आपल्या पराभवाविषयी काय लिहून ठेवते, हे पाहायला.

जबलपूरकर फौजींना ती भूमी अगदी परकी नाही. इथे ज्यांची सेंटर्स आहेत त्या ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांचे पूर्वज १९१८ च्या सप्टेंबरात जनरल ॲलनबीच्या सैन्यात पॅलेस्टाइनच्या डोंगरात होते. १०१ ग्रेनेडिअर्सच्या दोन पलटणी आणि पहिली काश्मीर रायफल्स, तिन्ही दहाव्या डिव्हिजनमध्ये, नाब्लसच्या दिशेने चढत. नाब्लस म्हणजे बायबलमधले शखेम. त्या मोहिमेला इतिहासाने मगिद्दोची लढाई असे नाव दिले. मगिद्दो! तिथेच इ.स.पू. ६०९ मध्ये यहूदाचा राजा योशीया मिसरच्या सैन्यापुढे पडला होता. योशीया हा त्या राज्याचा शेवटचा चांगला राजा. मूर्ती काढल्या, मंदिर दुरुस्त केले, नियमाप्रमाणे राज्य केले, आणि एका सकाळी बाण लागून मेला. इथून पुढच्या तेवीस वर्षांत सगळे संपले. चांगले वागल्याचे फळ चांगले, हा हिशेब मगिद्दोच्या मैदानात चुकला आणि मग तो ग्रंथ लिहिणाऱ्यांना शेवटपर्यंत जुळवता आला नाही. ईयोबाचे पुस्तक तर याच न जुळलेल्या हिशेबावर उभे आहे.

आता लाखीश. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे चाळीस किलोमीटरवरचा हा किल्ला. १९३५ मध्ये स्टार्की या ब्रिटिश उत्खननकाराला तिथल्या वेशीजवळच्या पहाऱ्याच्या खोलीत, जळलेल्या थरात, शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. अठरा. बहुतेक पत्रे होशाया नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने याओश या वरिष्ठाला लिहिलेली, बाबेलची फौज देशात शिरली त्या शेवटच्या दिवसांतली. एका पत्रात हा होशाया रागावला आहे. वरिष्ठाने बहुधा त्याला विचारले होते की तुला पत्र वाचता येत नाही का? तो देवाची शपथ घेऊन सांगतो की मला पत्र वाचून दाखवायला आजवर कोणी लागलेला नाही. देश बुडतोय आणि साहेबांनी आपल्याला अडाणी समजले याचे दुःख! हे वाचताना मला आमच्या किती तरी कॅप्टनांचे चेहरे आठवले. एकात माझाही होता.

चौथ्या खापरीवरचा मजकूर मात्र हसण्याचा नाही. आपण ठरल्याप्रमाणे लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही, असे तो कळवतो. यिर्मयाच्या पुस्तकात नेमके येते की जेरुसलेमखेरीज लाखीश आणि अजेका ही दोनच तटबंदीची शहरे उरली होती. अजेका पडले म्हणून दिसेना की मधल्या टेकडीमुळे, यावर पंडित भांडतात. इथल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधल्या माझ्या मित्राला हे सांगितले. तो म्हणाला, “उत्तर न येणे हाही रिपोर्टच असतो, सर.”

आणखी एका खापरीवर तक्रार आहे की राजधानीतल्या अधिकाऱ्यांचे बोलणे चांगले नाही, त्याने हात गळतात. हात गळणे, हात ढिले पडणे, हा हिब्रू वाक्प्रचार. आपल्याकडेही हातपाय गळतात. गंमत अशी की त्याच वर्षांत त्याच वाक्प्रचाराने त्याच अधिकाऱ्यांनी यिर्मया संदेष्ट्यावर आरोप ठेवला होता: हा माणूस शहरात उरलेल्या शिपायांचे हात गाळतो, याला मारा. कारण तो उघडपणे सांगत फिरत होता की शहर पडणार, शरण जा, जीव वाचवा. आपल्या आर्मी ॲक्टमध्येही युद्धकाळात घबराट किंवा निराशा पसरवणाऱ्या बातम्या देणे हा गुन्हा आहे. कमिशनच्या आधी आम्ही सगळ्यांनी ते कलम पाठ केले आहे. त्या कोर्टात मी असतो तर मी यिर्मयाला दोषी ठरवले असते, यात मला शंका नाही. आणि तो बरोबर होता, यातही नाही.

त्याला चिखलाने भरलेल्या हौदात सोडले. तिथून त्याला काढणारा एबद-मेलेख नावाचा एक कूशी, म्हणजे आफ्रिकन, राजवाड्यातला नोकर. त्याने राजाची परवानगी काढली, तीस माणसे घेतली, आणि दोराबरोबर जुन्या चिंध्या खाली सोडल्या: काखेत ठेव म्हणजे दोर कापणार नाही. अख्ख्या पुस्तकात मोठमोठी भाषणे आहेत, पण ज्याने कधी स्ट्रेचर उचलले आहे तो या चिंध्यांशी थांबेल.

यिर्मयाला लोक रडका संदेष्टा समजतात. तो रडतोही, एका ठिकाणी तर आपल्या जन्माच्या दिवसाला आणि ती बातमी बापाला सांगणाऱ्या माणसालाही शिव्या घालतो. पण त्याचे खरे भांडण हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याशी झाले. काही हजार लोक आधीच बाबेलला धरून नेले होते. हनन्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितले की दोन वर्षांत सगळे परत येतील, सामानसुमानासकट. यिर्मया गळ्यात लाकडी जू घालून फिरत होता. हनन्याने ते मोडून टाकले. टाळ्या पडल्या असणार. यिर्मयाचे पहिले उत्तर मला फार आवडते. तो आमेन म्हणतो. तसे झाले तर मलाही हवेच आहे, असा त्याचा सूर. मग तो निघून जातो, आणि परत येऊन सांगतो की लाकडाचे जू मोडलेस, आता लोखंडाचे येईल. बंदिवानांना तो पत्र धाडतो: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात नेले आहे त्याचे भले चिंता, सत्तर वर्षे लागतील. सत्तर म्हणजे वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच परतणार नाही. दिवाळीपर्यंत घरी जाऊ, असे सांगणारा कमांडर जवानांना दोन दिवस आवडतो. दिवाळी उलटल्यावर त्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. माझ्या ऑफिसात त्या नाईकापुढे मी जे बोललो ते हनन्याचे बोलणे होते. मी फक्त वर्षे सांगितली नव्हती.

मग यिर्मयाची आशा कसली? ती एका खरेदीखतात आहे. शहराला वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन सांगतो की अनाथोथची माझी जमीन घे, हक्क तुझा आहे. अनाथोथ जेरुसलेमपासून पाचेक किलोमीटरवर, म्हणजे तेव्हा सरळसरळ शत्रूच्या ताब्यात. शत्रूच्या छावणीखालची जमीन विकायला आलेल्या या भावाच्या व्यवहारज्ञानाचे कौतुकच करायला हवे. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या होतात. खताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद आणि एक उघडी, लेखनिक बारूखाच्या हाती देऊन तो सांगतो की मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. कोकणातला माणूस असल्यामुळे मला हे लगेच समजले. सातबारा जपून ठेवणारी माणसे आम्ही. पण पुढचा भाग वाचून मी गप्प झालो. व्यवहार झाल्यावर यिर्मया देवालाच विचारतो की शहर तर शत्रूच्या हाती चालले, आणि तू मला पैसे मोजून शेत घे म्हणतोस? म्हणजे विश्वास बसला म्हणून त्याने शेत घेतले नव्हते. शेत आधी घेतले. कोडे तसेच राहिले.

इ.स.पू. ५८६ मध्ये (काही जण ५८७ धरतात) तट फुटला. सिद्कीया राजा रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात पकडला गेला. त्याच्या डोळ्यांदेखत मुले मारली आणि मग त्याचे डोळे काढले. राजांच्या इतिहासाचे ते पुस्तक इथे संपले असते तर कोणी दोष दिला नसता. पण लिहिणाऱ्याने शेवटी चार ओळी आणखी घातल्या. सिद्कीयाच्या आधी बाबेलला नेलेला तरुण राजा यहोयाखीन सदतिसाव्या वर्षी तुरुंगातून सुटला, त्याला रोजचा शिधा मिळू लागला. बस्. ना राज्य परत, ना घर. पुढे बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या निघाल्या, त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद सापडली. सप्लायवाल्या मित्रांनो, तुमच्या रेशन रजिस्टरला कमी लेखू नका. कधी कधी एवढाच पुरावा मागे राहतो.

आता त्या नवमीला वाचायचे पुस्तक, विलापगीत. पाच अध्याय. हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस बावीस श्लोक, प्रत्येक श्लोक क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होणारा. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे सहासष्ट. आपल्याकडे अ पासून ज्ञ पर्यंत म्हणावे तसे दुःख अलेफपासून तावपर्यंत लिहिले आहे. भुकेने मेलेली मुले, आयांनी केलेल्या भयंकर गोष्टी, वाटसरूंचे हसणे, काही वगळलेले नाही. तिसऱ्याच्या मध्यावर, नेमके मधोमध, आशेचे काही श्लोक येतात. धर्मोपदेशक तेवढेच उचलतात. पण पुस्तक तिथे थांबत नाही. चौथ्या अध्यायात पुन्हा राख आणि भूक. पाचव्यातही श्लोक बावीसच, पण अक्षरांचा क्रम सुटलेला, जणू लिहिणाऱ्याचा हात थकला. आणि शेवटचा श्लोक हा प्रश्न की शंका की निर्णय हे भाषातज्ज्ञांनाही ठरवता आलेले नाही: देवाने आम्हाला कायमचे टाकूनच दिले असेल तर?

धर्मग्रंथातले एक पुस्तक असे संपते. कोणी नंतर बसून त्याला गोड शेवट जोडला नाही. संपादकांच्या हातात सगळे होते, त्यांनी ते जसेच्या तसे ठेवले. सिनेगॉगमध्ये एवढीच रीत पडली, की शेवटचा श्लोक म्हणून झाला की त्याच्या आधीचा, परत वळव आणि दिवस पूर्वीसारखे नवे कर अशा विनंतीचा, पुन्हा एकदा म्हणायचा आणि मग थांबायचे. यशया, मलाखी आणि उपदेशक या पुस्तकांच्या शेवटीही असेच करतात. पानावरचे अक्षर हलवायचे नाही. वाचणाऱ्याने मात्र एक पाऊल मागे यायचे.

मराठी मुलखात हे वाचन पूर्ण रीतीने रुजले त्याला एका शिपायाचा हातभार आहे. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युएल एझिकिएल, मुंबई फौजेतला अधिकारी, दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडला. त्याच युद्धातला ‘मंगलोर’ हा मान ग्रेनेडिअर्सना मिळाला होता. बेने इस्रायलांत सांगतात ती कथा अशी: कैद्यांना जात विचारली, यांनी बेने इस्रायल म्हणून सांगितले, आणि टिपूच्या आईने ते नाव कुराणात ऐकलेले असल्यामुळे रदबदली करून त्यांचे प्राण वाचवले. कथेचा भाग कथेजागी. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस त्याने केला होता, आणि १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग उभे राहिले. नाव शार हारहमीम, दयेचा दरवाजा. तिथली गल्ली आजही सॅम्युएल स्ट्रीट. मस्जिद स्टेशनचे नावही या ‘जुन्या मशिदी’वरूनच पडले असे पुष्कळ जण मानतात. पुढल्या वर्षी तो धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला कोचीला गेला आणि तिथेच वारला. घर बांधले, आत ठेवायचे पुस्तक आणताना गेला. यिर्मयाचे शेत आठवते.

यातला कडवट भागही लिहायला हवा. पिढ्यान्पिढ्या ज्या शहरासाठी बिरड्याचा उपास धरला तिथे १९४८ नंतर ही माणसे पोचली, आणि धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लग्न करायचे तर वंशावळ तपासा. बेने इस्रायलांनी धरणे धरले, भांडले, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या सरकारने आणि संसदेने त्यांच्या बाजूने स्पष्ट शब्दांत कौल दिला. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. आजीच्या गावातल्या दोन घरांचे काय झाले, ते मला कधी कळले नाही.

माझ्या हातात होती ती बायबल सोसायटीची प्रत. पण हे हिब्रू शब्द एका मराठी बाईने एकटीने, मुळावरून, साध्या मराठीत आणले होते हे फौजेतल्या किती जणांना माहीत आहे? पंडिता रमाबाई. आईबाप दुष्काळात उपासमारीने गेले, मग भाऊ, मग दोन वर्षांत नवरा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या याच मध्य प्रांतात फिरल्या आणि इथल्या शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन केडगावला गेल्या. तिथे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली छापखान्यात खिळे जुळवीत. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम चालूच राहिले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडले. मुलगी गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्यासमोर कोणती पाने होती, हा विचार मनातून जात नाही.

नाईकाची गोष्ट अर्धी राहिली.

आमच्या सुभेदार साहेबांना बायबल, यिर्मया, काही माहीत नाही. गढवालकडचे माणूस, दोन वर्षांत पेन्शनवर जातील. मी ‘हिम्मत रखो’ म्हणून मोकळा झालो त्याच आठवड्यात त्यांनी रात्रीच्या रोल कॉलनंतर नाईकाला लाइनीच्या मागच्या कट्ट्यावर बसवायला सुरुवात केली. मला हे दहा-बारा दिवसांनी कळले. एकदा राउंडवर असताना अंधारात थांबून ऐकले. ऐकायला नको होते, पण ऐकले. सुभेदार साहेब समजूत घालत नव्हते. विचारत होते. ताप कोणत्या दिवशी आला? सोमवारी. मग? मंगळवारी काय खाल्ले तिने? कोण होते जवळ? फोन कितीला आला? रस्ता बंद झाल्याचे कोणी सांगितले? मुलगा एकेक दिवस सांगत होता, मध्येच अडत होता, सुभेदार साहेब विडी विझवून वाट बघत होते. शेवटचा दिवस आला. मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. माझ्यासारख्याने तिथे खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हटले असते.

“अच्छा,” सुभेदार साहेब म्हणाले, “वो मेले वाली बात फिर से बता. जलेबी वाली.”

नाईकाने पुन्हा सांगितली. मुलीने जत्रेत जिलबी मागितली, हातात घेतली, आणि गरम म्हणून बापाच्या खिशात ठेवली. वर्दीच्या खिशात.

नंतर एकदा चहावर मी सुभेदार साहेबांना विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? ते जरा गोंधळले. त्यांच्या गावात कोणी गेले की म्हाताऱ्या बायका असेच करतात, असे म्हणाले. आणि मग, जणू माझ्याकडून तक्रार आली आहे अशा थाटात, रोल कॉलची वेळ मात्र कधी चुकली नाही साहब, हेही सांगून टाकले.

नाईक काही दिवस पूर्ण जेवतो, काही दिवस अर्धे. पुढच्या महिन्यात महिनाभर सुट्टीवर चालला आहे. बायकोला इथे आणायचे म्हणतो, क्वार्टरचा अर्ज माझ्या टेबलावर आहे.

आईचे वाल तीन दिवसांत छान मोडावले. कोमट पाण्यात टाकून रविवारी सोलत बसलो, निम्मे बोटांतून निसटून जमिनीवर. नारळ सदरमध्ये मिळाला, आमसुले पार्सलात होतीच. आजीसारखे झाले नाही, पण ओळखू येईल इतपत झाले. एक डबा सुभेदार साहेबांकडे पाठवला, दोघांसाठी. संध्याकाळी धुतलेला डबा परत आला आणि बरोबर निरोप:

“साहब, दाल अच्छी थी. थोड़ी कड़वी थी.”